गुढीवरचा सेनापती

मित्रांनो, यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही, लावा पैज. मी एक जुना झेंडा आहे, स्पेनच्या सेनापतीच्या हुद्द्याचा. लाल-पिवळा-लाल चौकोन, मधे पदाची खूण, कडेला सोनेरी झालर. देशाचा झेंडा रोजच फडकतो. माझं तसं नाही. साहेब छावणीत आले की मी वर, साहेब गेले की मी खाली. मी नुसता दिसलो तरी शिपाई पोट आत घ्यायचे.

साडेचारशे वर्षांपूर्वी नेदरलँड्समधल्या याच हार्लेमला स्पेनचा वेढा पडला, तेव्हा मी वेशीबाहेर होतो. तळं गोठलेलं. साहेबांचा घोडा घसरला, तर साहेबांनी मला शिडासारखं ताणलं आणि बर्फावरून बसल्या बसल्या ॲम्स्टरडॅम गाठलं. परत येताना वारा उलटा, म्हणून मीही उलटा फडफडलो.

आणि आज? इथे राजाच्या वाढदिवसाला लोक दारात चटई टाकून घरातली अडगळ विकतात. तिथून इथे राहणाऱ्या पुण्याच्या हरीशने मला सायकलच्या पंपाबरोबर उचललं आणि वर्षभर पावसात सायकलच्या सीटवर बांधलं. “गळत नाही हं,” एवढंच काय ते कौतुक.

मग पाडवा आला. पुण्याहून निघालेला गुढीचा खण पार्सलासकट वाटेतच अडकला. हरीशच्या बायकोचं, मृणालिनीचं लक्ष माझ्या झालरीकडे गेलं.

“हरीश, याला काठ आहे बघ. गुढीला चालेल.”

“अगं, झेंडा आहे तो.”

“आज वस्त्र आहे.”

निऱ्या घालून मला काठीला बांधलं, वर गडू पालथा घातला. शेजारच्या आजोबांनी विचारलं, “आज स्पेनची मॅच आहे का?” मित्रांनो, मी वर चढलो म्हणजे खाली सेनापती हवा. खाली हरीश श्रीखंडाचं भांडं चाटत होता.

संध्याकाळी उतरवलं, तेवढी शिस्त तरी पाळली म्हणायची. पण घडी न घालताच पिशवीत कोंबलं. उद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात देणार. म्हणून पिशवीशी बसलेल्या त्यांच्या दहा वर्षांच्या ऋजुताला आणि तुम्हा सर्वांना झालर जोडून विनवतो, जुन्या वस्तूला असं टाकू नका. निदान घडी तरी घाला. त्या वेढ्यात तोफेचा गोळा माझ्या आरपार गेला, तरी मी...

“खोटं,” ऋजुता म्हणाली. “शाळेतून आम्ही म्युझियमला गेलो होतो. तेव्हा स्पॅनिश आर्मीकडे लाल फुलीवाला झेंडा होता, काटेकाटेवाला. रेड-यलो टू हंड्रेड इयर्सनी आला, तोपण आधी शिप्सवर. आणि तुला एकपण भोक नाहीये. लेबल आहे. पॉलिएस्टर, वॉश ॲट थर्टी डिग्रीज.”

“ऋजू, ती पिशवी दे इकडे,” आतून मृणालिनीचा आवाज आला.

“थांब, आई. आधी याला खरं सांगू दे.”