इंजिनावर ठेवलेला हात

"काका, काय जळतंय?" मिथुननं विचारलं.

टपरीवाल्यानं स्टोव्हकडे बघितलं. बाकड्यावरच्या एकानं स्वतःची बिडी बघितली. चिंतूनंही मान वळवून इकडेतिकडे बघितलं. वास रबरासारखा होता, पण रबराचा नव्हता. मासवणच्या पुलावर धुकं असं बसलं होतं की खाली सूर्या नदी आहे की नाही तेही कळत नव्हतं.

"काका, तुमचा हात!"

मिथुननं चहाचा ग्लास खाली टाकला आणि चिंतूचं मनगट धरून खेचलं. हात सुटला. कातडीचा एक तुकडा इंजिनावरच राहिला आणि तिथं चरचरत काळा झाला.

चिंतूनं डावा हात डोळ्यांसमोर धरला. करंगळीखालची कड पांढरी पडली होती, आणि मधे लाल. दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसा तो बघत राहिला.

"दुखत नाय?"

"नाय."

"कसं काय नाय? कातडी गेली राव!"

"थंडी हाय ना," चिंतू म्हणाला. "बधिर झालाय."

मिथुननं खिशातला रुमाल काढून बांधला. पोरगा बोईसरला कंपनीत जायचा, पहिल्या पाळीला. दोघांची रोज या टपरीवर गाठ पडायची. मग मिथुन नागझरीच्या रस्त्यानं बोईसरकडे आणि चिंतू खिंड चढून पालघर, पालघरहून सातपाटी. येताना गाडीवर मासळीचे क्रेट. मनोरच्या पलीकडच्या पाड्यांवर ती मासळी विकायची. बारा-तेरा वर्षं हाच धंदा.

पालघरच्या माणसाला थंडी म्हणजे काय ते माहीत नाही. समुद्र जवळ, त्यामुळे स्वेटर घालून चहा प्यायचा एवढीच त्यांची थंडी. डोंगराकडच्या पाड्यावरून पहाटे गाडी काढून बघा. वाघोबाच्या खिंडीपर्यंत येईस्तोवर क्लच दाबला की नाही ते बोटांना विचारावं लागतं. म्हणून ज्याची त्याची काहीतरी युक्ती असते. कुणी हातात दुधाच्या पिशव्या चढवतो, कुणी मोजे. मिथुनकडे कंपनीचे रबरी हातमोजे होते, ते घातले की घामानं हात आणखी गार पडायचे, तरी तो घालायचा, कारण ते फुकटचे होते. एक दूधवाला डावा हात मांडीखाली घालून एका हातानं गाडी हाणायचा आणि वळणावर वाघोबाला नमस्कारही त्याच एका हातानं करायचा.

चिंतूची युक्ती साधी. टपरीवर गाडी लावायची, उकिडवं बसायचं आणि इंजिनावर हात शेकायचा. सगळेच शेकतात. पण सगळे लांबून शेकतात, फार तर टेकवून झटकन काढतात. चिंतू गेल्या थंडीपासून हात ठेवूनच द्यायचा. लोक म्हणायचे, मासेवाल्याची कातडी घोरपडीची. तोही हसायचा.

बर्फात हात घालणाऱ्या माणसाला बोटं बधिर झाली याचं काय वाटणार? होतातच.

सातपाटीला पोचला तेव्हा उजाडलं होतं. बांबूच्या वांद्र्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांखालून वाट काढत तो वत्सलामावशीकडे गेला. मावशी साठीची, आवाज बंदराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. रोजची भवानी ती चिंतूच्याच हातून घ्यायची. दुसरं गिऱ्हाईक आधी आलं तर त्याला थांबवून ठेवायची.

"आला गं बाय माझा भवानीवाला! किती वाट बघायची रं तुझी? मासळी म्हातारी झाली माझी."

"धुकं होतं मावशी."

"धुकं होतं म्हने. बायको सोडत नसंल." आजूबाजूच्या बायका हसल्या. "घे, बोंबील बघ. आणि मांदेली घे, पाड्यावर खपतंय."

चिंतूनं टबात दोन्ही हात घातले आणि बोंबील चाचपून बघायला लागला. मावशीचं लक्ष रुमालाकडे गेलं.

"त्ये काय बांधलंय?"

"भाजला जरा."

"कदी?"

"आत्ताच. येताना."

मावशीनं हातातली मासळी खाली टाकली. शेजारचीही वळून बघायला लागली.

"चिंत्या, त्या टबात बर्फ हाय आणि मूठ मूठ मीठ हाय. भाजलेला हात घालून तू मासळी निवडतोस? आय आठवली नाय तुला?"

टपरीवर थंडीचं नाव सांगता आलं होतं. मिठाला काय सांगणार? चिंतूनं हात बाहेर काढला. मावशीनं तो ओढून घेतला. बाजूला शिंगाळा मासा पडला होता. शिंगाळ्याचा काटा लागला तर बोटीवरचा बाप्या माणूस गडबडा लोळतो, हे बंदरावरच्या पोराटोरांनाही ठाऊक. मावशीनं काटा मोडून घेतला.

"तिकडं बघ. खाडीकडं."

चिंतूनं खाडीकडं बघितलं. एक बोट आत येत होती. इंजिन बंद करून, नुसती वाहत.

"लागला?" मावशीनं विचारलं.

"काय?"

त्यानं मान वळवली. करंगळीच्या टोकाला रक्ताचा थेंब होता.

"आज माल नाय तुला," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "आधी डागदर. माझ्या दिराची अशीच बोटं वाकली. थंडी थंडी करत बसला दोन साल. मंग खुरप्यासारका हात झाला, जाळं धरता येईना."

"पाड्यावर वाट बघतात मावशी. बायका टोपल्या घेऊन बसल्या असतील."

"बसू दे. एक दिस चटणी खातील. आणि हुज्जत घालू नको माझ्यासमोर, जा म्हनते ना!"

दवाखान्यातली डॉक्टर मिथुनपेक्षा थोडीशीच मोठी असेल. तिनं चिंतूला शर्ट काढायला लावला. पाठीवर एक फिकट चट्टा होता, त्याला तो स्वतः कधी दिसणार? मग कोपराच्या आतल्या बाजूला तिनं दाबून बघितलं आणि तिथली शीर दोरीसारखी लागली तसं तिचं तोंड जरा बदललं.

"डोळे मिटा. कापूस लावते. जिथं लागेल तिथं बोट ठेवायचं."

चिंतू डोळे मिटून बसला. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं. पंखा बंद होता. तो वाट बघत राहिला.

"कधी सुरू करणार, म्याडम?"

"झालं," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. तिनं कापूस ट्रेमध्ये ठेवला होता.

तिनं आजाराचं दवाखान्यातलं नाव सांगितलं. चिंतूनं घरातलं नाव मनात म्हटलं. रगतपिती. गोळ्या वर्षभर घ्यायच्या, फुकट मिळतील, आजार पूर्ण बरा होईल. गेलेली जाणीव परत येईल की नाही ते सांगता येत नाही. बोटांना कळत नाही ते आता डोळ्यांना बघायला लावायचं. रोज उजेडात हात तपासायचा. गरम काही धरायचं नाही. थंडीतही जपायचं.

"मी मासळी विकतो," चिंतू म्हणाला.

"विका की. माशांतून जात नाही हा. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासून कुणाला भीतीही नाही."

"ते तुमाला माहीत. पाड्याला कोण सांगल? आमच्याकडं वाटे लावून विकतात. हातानं."

"आम्ही सांगू ना," ती म्हणाली. खरंच मनापासून म्हणाली.

आणि त्यांनी सांगितलं. आठवड्याभरात दवाखान्याची आशा कार्यकर्ती, ठमी, दारोदार फिरली. चिंतूच्या घरच्यांना तपासलं, शेजारपाजारच्यांना तपासलं आणि खबरदारी म्हणून एकेक गोळी गिळायला दिली. तिनं कुठंही चिंतूचं नाव घेतलं नाही. पण फिरायला सुरुवात त्याच्या अंगणातून केली होती. कुणासाठी गोळी गिळतोय हे गिळणाऱ्याला कळायला नाव कशाला लागतं?

पारू, चिंतूची बायको, पहिल्या दिवशी एवढंच म्हणाली, "म्हंजे ते का?"

"ते."

"बरं होतं?"

"होतं म्हने."

"मंग जेव."

 त्या दिवसापासून रोज ती अंगणात उन्हाला त्याचा हात धरून बोट न् बोट बघायची. जखम हळूहळू भरली. एकदा बघता बघता म्हणाली, "शेकायचं नाय, गारठू द्यायचं नाय. मंग हात ठेवायचा कुठं?" दुसऱ्या दिवशी तिनं तेलाचे पाच लिटरचे दोन कॅन कापले. आतून जुन्या गोधडीचे तुकडे शिवले. हँडलच्या दोन्ही टोकांना ते घर करून बसवले, ब्रेक-क्लच आत, पुढून वारा बंद. गोळ्या आणायला निघाला तेव्हा टपरीवर मिथुननं ते बघितलं आणि हसून हसून त्याला ठसका लागला.

"काका, गाडीला कान फुटले!"

"हात घालून बघ."

मिथुननं हात घातला. हसायचा थांबला. "काकीला म्हनावं मला पन एक जोड. मी तेल आणतो."

संक्रांत झाली त्या आठवड्यात चिंतू परत सातपाटीला गेला. मावशीनं आधी हात बघितला, मग गोळ्यांचं पाकीट बघितलं, मग दोन शिव्या घातल्या आणि भवानी केली. त्याच्याच हातून. परत येताना खिंडीत बोचरा वारा होता. चिंतूचे हात गोधडीत होते. मनोर ओलांडून तो पहिल्या पाड्यावर पोचला तेव्हा हात गरम होते. एवढ्या वर्षांत थंडीच्या दिवसांत पहिल्यांदाच.

त्यानं हॉर्न दिला. बायका आल्या, रोजच्यासारख्या, टोपल्या-पातेली घेऊन.

"आलास? लय दिवस लावलेस."

"आमाला वाटलं सातपाटीलाच घर बांधलं यानं."

चिंतूनं केळीचं पान पसरलं आणि वाटे लावायला क्रेटमध्ये हात घातला, तर ठकी पुढं झाली. ठकी म्हणजे पाड्यावरची थोरली, तिचं सगळ्या ऐकायच्या.

"राहू दे रे भाऊ. तू कशाला बर्फात हात घालतोस? हाताला थंडी लागंल तुज्या. आमी घेतो आमच्या."

"मी लावतो की वाटे."

"राहू दे. जपायला सांगितलंय ना तुला?"

आवाजात माया होती. खोटी नव्हती. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी मागं सरली नाही. बायकांनी आपापल्या हातानं बोंबील काढले, मांदेली काढली, तळातली काढली. वरची, त्याच्या हाताला लागलेली, तशीच राहिली. पैसे पानावर ठेवले. "तब्येतीला जप," म्हणाल्या आणि गेल्या.

चिंतू गाडीला टेकून उभा होता. हात जॅकेटच्या खिशात.

दुसऱ्या पाड्यावरही तेच झालं. फक्त तिथं एक बाई बोलली, बाकीच्यांनी मान हलवली.

तिसऱ्या पाड्यावर त्यानं हॉर्न दिला, क्रेटचं झाकण काढलं आणि बायका जवळ यायच्या आधीच चार पावलं मागं सरला.

"घ्या," तो म्हणाला. "आपापल्या हातानं घ्या. निवडून घ्या."

बायकांना बरं वाटलं. मोठी मोठी निवडता आली. एक जण म्हणालीसुद्धा, "हे बेस हाय. असंच करत जा." ऊन सागाच्या शेंड्यावर यायच्या आत माल संपला. रोजच्यापेक्षा लवकर.

पाड्याच्या बाहेर ओहोळ होता. तिथं त्यानं गाडी थांबवली, क्रेट उतरवला. तळाशी बर्फाचं पाणी, खवलं आणि मांदेलीची दोन-चार फुटकी डोकी होती. क्रेट उपडा करायला तो वाकला आणि थांबला. हात बघितले. सुके होते. स्वच्छ. एखाद्या मास्तरासारखे.

घरी गेल्यावर पारू अंगणात हात धरणार. बोट न् बोट बघणार. मासळी विकून आलेल्या माणसाच्या हाताला वास नाही, हे तिला लगेच कळणार. मग ती विचारणार आणि मग त्याला सांगावं लागणार.

चिंतूनं रस्त्याकडे बघितलं. कुणी नव्हतं. तो क्रेटपाशी उकिडवा बसला आणि दोन्ही हात मनगटापर्यंत त्या पाण्यात घातले. खवल्यांत बोटं चोळली, नखांत घाण जाऊ दिली. उजव्या हाताला थंडी कळली. डाव्याच्या अंगठ्यालाही कळली. शेवटची दोन बोटं बुडाली होती की नाही, ते त्यानं वाकून बघितलं. बुडाली होती.

बराच वेळ त्यानं हात तसेच ठेवले. मग बाहेर काढले, झटकले नाहीत, पुसले नाहीत. क्रेट बांधला, किक मारली आणि ओले हात कॅनमध्ये न घालता, हँडलच्या वरूनच, उघड्या वाऱ्यात धरून तो घराकडे निघाला.