घोरता का तुम्ही?

“घोरता का तुम्ही?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“मला कसं कळणार? मी तर झोपलेली असते.”

डॉक्टरीणबाई हसल्या. “घरात कोणी म्हणतं का?”

“घरात मीच असते.”

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती एकवीस वर्षं करत होती. तिच्या कामात बोट ठेवायला जागा नसायची. पण गेल्या महिन्यात फिरत्या चाकाशी काच धरल्या धरल्या तिचा डोळा लागला आणि अंगठ्याला तीन टाके पडले. मालक रागावला नाही. “ताई, थोडे दिवस काउंटरवर बसा,” एवढंच म्हणाला. तेच तिच्या जिव्हारी लागलं.

थकवा तसा जुनाच. सकाळी डोकं जड, रात्री दहादा जाग. पाळी गेल्यापासून तर नुसते दिवस ढकलणं चाललं होतं. एका डॉक्टरांनी रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी मन शांत व्हायच्या. “एकटं राहिलं की होतं असं,” तिसऱ्यांनी सांगून टाकलं.

“झोपेत तुमचा श्वास थांबत असेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“ते माझ्या भावाला आहे. तो शंभर किलोचा. घोरायला लागला की भिंतीपलीकडचे उठून बसतात. वहिनीनंच हाताला धरून नेलं त्याला. मी ही अशी काडी!”

“काडीलाही होतं. पुरुषांचं घोरणं घर डोक्यावर घेतं, म्हणून लवकर कळतं. बायकांचं पुष्कळदा थकवा, डोकेदुखी, उदासपणा यांतच दडून राहतं. त्यात शेजारी ऐकणारं कोणी नसलं, की वर्षंच्या वर्षं जातात.”

तपासणीसाठी एक रात्र दवाखान्यात झोपायचं होतं. तिथल्या बाईंनी तिच्या डोक्याला, छातीला तारा चिकटवल्या. सकाळी त्याच काढायला आल्या.

“डॉक्टर नीट सांगतीलच,” त्या म्हणाल्या, “पण श्वास थांबत होता बरं का. तासाला पंचवीस-तीस वेळा. काळजी करू नका, मशीन लावून झोपलं की फरक पडतो.”

“तुम्ही रात्रभर जाग्या होतात?”

“कामच आहे ते. पलीकडच्या खोलीतून बघत असते. तीनच्या सुमाराला तुमची एक तार निघाली, म्हणून आत आले. उशी घसरली होती, नीट केली. तुम्ही काहीतरी पुटपुटलात.”

“काय?”

“‘उठते गं आई, उठते.’”

ती पलंगाच्या काठावर बसून राहिली. आपण झोपेत बोलतो हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. केसांत चिकटलेला गोंद ती बोटांनी सोडवू लागली.

“आणखी काय काय झालं?” तिनं हळूच विचारलं. “म्हणजे... पहिल्यापासून सांगाल?”

बाईंची ड्यूटी संपली होती, पिशवी खांद्याला लागली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पिशवी खाली ठेवून त्यांनी स्टूल ओढून घेतलं.

“साडेदहाला दिवा मालवला,” त्या म्हणाल्या. “बराच वेळ झोप नाही लागली तुम्हाला. भिंतीकडे तोंड करून पडला होतात...”