हातातलं पाणी

साईनाथ गेला त्याला महिना होऊन गेल्यावर कंपनीचे मालक हौसाबाईच्या दारात आले. गोळवलीच्या त्या चाळीत त्यांची गाडी शिरेना, म्हणून नाक्यापासून चालत आले. कामगार त्यांना भाऊ म्हणत. हौसाबाईनं खुर्ची दिली, सुनेला पाणी आणायला सांगितलं आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसली.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत भाऊंची रंगाला लागणारी रसायनं बनवायची कंपनी होती. हौसाबाईचा मुलगा साईनाथ तिथं रसायनं तापवायच्या बंद टाकीवर, म्हणजे रिअॅक्टरवर ऑपरेटर. सकाळच्या पाळीत रिअॅक्टर फुटला, समोरच्या इमारतींच्या काचा गेल्या आणि साईनाथ जागच्या जागी संपला. त्याचं तोंडसुद्धा हौसाबाईला बघू दिलं नव्हतं.

"मावशी, झालं ते फार वाईट झालं," भाऊ म्हणाले. "आम्ही एका जाणकाराला जागा दाखवली. दोष निघालाय. सोमवारी प्लांट सुरू करतोय, त्याआधी शांती करायची आहे. तुम्ही आणि सूनबाई पुढे बसा. साईनाथलाही बरं वाटेल."

"कसला दोष?"

भाऊ जरा घुटमळले. "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. पण दसऱ्याची मशीनची पूजा त्यानं म्हणे नीट केली नाही. बूट घालूनच नारळ फोडला. त्याच्या मनात काही नसेल, पण देवाला चालत नाही ते."

हौसाबाई भिंतीचा आधार घेऊन उठली. "येते मी," एवढंच म्हणाली.

भाऊ जिना उतरले तशी सून रसिका भडकली. "आई, तुम्ही हो कशाला म्हणालात? दसऱ्याला पहाटे कल्याणच्या फुलबाजारात जाऊन झेंडू आणलेला त्यांनी. मी स्वतः माळा ओवल्यात. आणि बूट? त्या शेडमध्ये बूट काढले तर पाय भाजतात!"

"म्हणूनच जायचं," हौसाबाई म्हणाली.

हौसाबाई भाविक होती. पुरंदरकडची. लग्न होऊन डोंबिवलीला आली तेव्हा खंडोबाचा टाक पदरात बांधून आणलेला. रविवारी बेल-भंडारा वाहिल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसे. पोरगा गेल्यावर ती देवाशी भांडली, रडली, चार रविवार देव्हाऱ्याकडे पाठ करून बसली, आणि मग पुन्हा फुलं वाहू लागली. ते तिचं नि देवाचं आपसातलं होतं. पण आज ऐकलं ते वेगळंच. पोरावर खोटं घातल्याचा राग होताच, त्याहून जास्त चीड दुसऱ्या गोष्टीची होती. या माणसानं आपल्या अंगावरचं काढून सरळ देवाच्या अंगावर टाकलं होतं. बुटासाठी पोर जाळणारा देव तिला ओळखीचा नव्हता.

खरं काय घडलं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. साईनाथ जेवताना बोलायचा. "प्रेशरचा काटा अडकतो गं आई. बोट मारलं की हलतो, नाहीतर आत दाब वाढलेला कळतच नाही. सांगून सांगून दमलो. म्हणतात, ही ऑर्डर निघू दे, मग बदलू."

सोमवारी दोघी कंपनीत गेल्या. फुटलेला रिअॅक्टर उचलून नेला होता. त्याच्या शेजारचा तसाच उभा होता, गळ्यात झेंडूची माळ आणि अंगावर कुंकवाची बोटं. साईनाथबरोबर काम करणारा धाकू पुढे झाला आणि हौसाबाईच्या पाया पडला.

"मावशी, आजपासून ह्याच्यावर मी."

"ह्याचा काटा बदलला का रे?"

धाकूनं मान खाली घातली. "नाय. ह्याचापण अडकतो."

होमकुंड पेटलं होतं. पूजेला अण्णा गुरुजी होते, वयानं थकलेले, आवाज मात्र खणखणीत. भाऊ सोवळं नेसून पाटावर बसले होते. मागं कामगार, बाजूला ऑफिसातली मंडळी, फोटो काढणारा एक जण. हौसाबाई आणि रसिकाला अगदी पुढं बसवलं.

"यजमान, उजव्या हातात पाणी घ्या," गुरुजी म्हणाले. "अक्षता, फूल. आता संकल्प सोडायचा."

भाऊंनी तळहाताचा खळगा केला. गुरुजींनी पळीनं पाणी घातलं.

हौसाबाई उठून उभी राहिली.

"गुरुजी, जरा थांबा. भाऊ, हातात पाणी हाय तुमच्या, पुढ्यात अग्नी हाय. आता सांगा, ह्या मशीनचा काटा बदललाय का?"

"मावशी, ही वेळ नाही. नंतर बोलू आपण."

"माझ्या लेकालाबी हेच सांगितलं व्हतं. नंतर."

"यांना कुणीतरी बाहेर न्या," भाऊ दबक्या आवाजात म्हणाले. ऑफिसातला एक जण उठला, तशी रसिका सासूच्या पुढं येऊन उभी राहिली. तो तिथंच थांबला.

"मी जाईन की," हौसाबाई म्हणाली. "पण ऐकून घ्या. माझ्या घरात बसून तुम्ही बोललात, साईनाथनं बूट काढलं न्हाईत म्हणून देव कोपला. मी पोर व्हते तवापासून देव पुजते. तो असला न्हाई. काटा तुम्ही बदलला न्हाई, आन् नाव त्याचं घेता? माझं पोर गेलं ते गेलं. देवावर आळ घेऊ द्यायची न्हाई मी. आन् ह्या धाकूलाबी मरू द्यायची न्हाई."

भाऊंनी हात खाली घेतला. बोटांच्या फटीतून पाणी सोवळ्यावर ठिबकलं. गुरुजींनी ते पाहिलं.

"पाणी सांडलं. पुन्हा घ्यावं लागेल," ते म्हणाले. "पण आधी या बाईंना उत्तर द्या. मनात खोटं ठेवून संकल्प सोडायचा असेल तर तो मी सांगणार नाही."

"गुरुजी, तुम्हाला इथं शांतीसाठी बोलावलंय."

"म्हणूनच म्हणतोय," अण्णा गुरुजी म्हणाले. भाऊंनी नुसताच पुन्हा हात पुढे केला, तेव्हा त्यांनी पोथी फडक्यात बांधायला घेतली.

धाकूनं डोक्यावरचं हेल्मेट काढून रिअॅक्टरच्या पायाशी ठेवलं. "मी नाय चालू करणार." मग दुसऱ्यानं ठेवलं. मग तिसऱ्यानं. बघता बघता शेड रिकामी झाली.

पुढे सरकारी माणसांची तपासणी झाली तेव्हा कळलं, प्लांट सुरू करायची परवानगी मुळात आलेलीच नव्हती. कंपनीला टाळं लागलं. कामगार घरी बसले. धाकूच्या बायकोनं चाळीच्या नळावर सगळ्यांसमोर हौसाबाईला सुनावलं, "तुमचा गेला म्हणून आमची चूल कशाला विझवलीत?" हौसाबाईनं भरलेली कळशी उचलली आणि घरी आली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. पण सकाळी रसिकानं विचारलं, "आई, चुकलं का आपलं?" तेव्हा ती म्हणाली, "धाकू जित्ता हाय. तिला बोलू दे."

पोलिसांत जबाब द्यायला दोघी गेल्या. हवालदारानं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, "माझा मुलगा साईनाथ हा दुर्दैवाने झालेल्या अपघातात मयत झाला..."

"ते दुर्दैवानं खोडा."

"आजी, असंच लिहायची पद्धत आहे."

"मी तसं बोलले का? तुम्ही घातलंय ते. काटा बदलला न्हाई म्हणून गेला, तसं लिवा."

"बघू नंतर. सही करा आधी."

हौसाबाईनं पेन टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत मागं टेकून बसली. शेजारी रसिका बसली. मागं माणसं खोळंबली, कुणी कुरकुरलं, कुणी हसलं. दोघी हलल्या नाहीत. शेवटी हवालदारानं सुस्कारा टाकला, कागद पुढं ओढला आणि त्या शब्दावर आडवी रेघ मारून वर काट्याचं लिहिलं.

"आता वाचा," हौसाबाई म्हणाली. "पहिल्यापासून."