संत्र्याची साल

“मावशी, एक सांगू? रागावणार नाहीस ना? यंदा केकमध्ये संत्र्याची साल घालू नकोस.”

मुलगी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभी होती. नाताळसाठी ती कालच माहेरी आली होती, सातवा महिना लागल्यामुळे नवऱ्याने स्वतः आणून सोडली होती. मैदा चाळणाऱ्या धाकटीचा हात थांबला.

“का गं? तुला तर आवडते.”

“कोण म्हणालं? लहानपणापासून नाही आवडत. जीभ नुसती कडू होते. बाबा मिटक्या मारत खातात, तू एवढ्या हौसेने करतेस, म्हणून मी आपली मुकाट्याने गिळते. यंदाही गिळली असती, पण पोटातला पाहुणा ऐकेना.”

धाकटीने चाळणी खाली ठेवली आणि फडक्याला हात पुसले.

“मी साल घालत नाही,” ती म्हणाली.

“यंदा?”

“कधीच नाही. मला तिचा वास सोसत नाही.”

मुलगी हसली. मग तिने धाकटीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचं हसू अर्ध्यावरच विरलं.

“मग कोण घालतं?”

हाच प्रश्न धाकटी कित्येक नाताळ स्वतःला विचारत आली होती.

गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत, कारण ती या घरात दुसरी आली. पहिली ती मोठी. मोठी ऐन तिशीत गेली, पदरात एवढीशी पोर ठेवून. धाकटीचे केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, पण मोठी ती मोठीच राहिली आणि धाकटी ती धाकटीच. मुलीने पहिल्या दिवसापासून मावशी म्हटलं. धाकटीने तेच आनंदाने घेतलं, आईपण मागायला गेली नाही. तिचा धंदाही तसलाच होता. कोपऱ्यावरच्या दुकानात ती कपडे उसवून, आखडून, सैल करून द्यायची. दुसऱ्याच्या मापाचं कापड तिसऱ्याच्या अंगावर बसवायचं. ‘मला नवं शिवायला सांगू नका, माझी कात्री जुन्यावरच चालते,’ असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगायची.

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला नवरा चाचरत म्हणाला होता, “ती करायची तसा केक करशील?” आणि बोटांवर मोजत एकेक जिन्नस सांगितला होता. काळ्या मनुका, लवंग, दालचिनी, संत्र्याची पाकात मुरवलेली साल. धाकटीने सगळं आणलं, साल तेवढी आणली नाही. कोणाच्या लक्षात येणार होतं? भांडी मोठीची, पडदे मोठीचे, ओव्हनसुद्धा मोठीने हट्टाने घ्यायला लावलेला. त्या सगळ्यात एवढं एक आपल्या मर्जीचं असावं, इतकीच तिची इच्छा.

केक कापला, नवऱ्याने घास तोंडात टाकला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “अगदी तिच्यासारखा,” तो म्हणाला. धाकटीने आपला तुकडा मोडून पाहिला. आत संत्र्याच्या सालीचे पिवळे, पारदर्शक काप होते.

जुन्या भांड्याला काही चिकटून राहिलं असेल, असं तिने मनाला समजावलं. पुढच्या वर्षी नवं भांडं आणलं. त्याच्या पुढच्या वर्षी मनुकांचं दुकान बदललं. साल येतच राहिली. एका वर्षी तिने ते काप सुईने टोचून बशीत वेगळे काढले आणि उजेडात धरले. सगळे काप उलट्या तिरक्या धारेचे होते. आयुष्यभर कात्री चालवणाऱ्या बाईला एवढं कळतंच. ते डावऱ्या हाताचे होते. मोठीची डावखुरी कात्री अजून कपाटाच्या खणात पडून होती. धाकटीच्या हाताला ती कधी बसली नाही.

पण हे बोलणार कोणाशी? नंतर आलेल्या बाईने ‘घरात कोणीतरी आहे’ म्हटलं, तर लोक तिच्याच डोक्यावर हात ठेवून ताप बघतात. तिने तोंडात मूग धरले. पदरी पडलं आणि पवित्र झालं म्हणत दर नाताळला एक तुकडा पाण्याच्या घोटाबरोबर ती खाली ढकलायची.

“बाबाच टाकत असतील,” मुलगी म्हणाली. तिने चहा ओट्यावर ठेवून दिला होता. “तुझी पाठ वळली की. आईच्या आठवणीने. चल, विचारू या.”

बाबा बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी बसून बुटांना पॉलिश करत होते. घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. निवृत्त झाले तरी बूट लख्ख लागत. गेल्या वसंतात त्यांना मोठा ताप आला आणि जाताना नाकाची सगळी शक्ती घेऊन गेला. वास गेला, त्याच्या मागोमाग चव गेली. मध्यंतरी शेजारी बसलेले असताना दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळं झालं, तरी यांना पत्ता नाही. जेवण समोर आलं की ‘छान झालंय’ म्हणायचे. मीठ विसरलं तरी छान झालंय.

“मी?” ते ब्रश हातात धरून मुलीकडे बघत राहिले. “मला वाटायचं हीच घालते. माझ्यासाठी. हिला आवडत नाही हे मला माहीत होतं गं, खाताना पाणी पिते ना ती. म्हणून मी कधी विषय काढला नाही. म्हटलं, माझ्यासाठी एवढं करते, कशाला बोलून दाखवायचं?”

इतकी वर्षं तिघंही एकमेकांची मनं जपत एकाच ताटात जेवत होती, आणि चौथं माणूस वाढत होतं.

“मला भीती वाटते,” मुलगी हळूच म्हणाली आणि पोटावर हात ठेवला.

“तुझीच आई आहे, भितेस कसली?” धाकटी म्हणाली खरी, पण तिचीही नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे वळली.

“नको मावशी. या वर्षी केकच नको करू या. विकतचा आणू.”

हे ऐकल्यावर मात्र धाकटीच्या आत काहीतरी ताठ झालं. विकतचा? म्हणजे आपण या घरात आलो कशाला? “केक होणार,” ती म्हणाली. “पण तो नाही. मला आवडतो तो.”

“तुला कुठला आवडतो?” मुलीने विचारलं.

धाकटी पटकन उत्तर द्यायला गेली आणि अडखळली. हे तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मग तिला आपल्या आईचं अरुंद स्वयंपाकघर आठवलं, काकवीने काळे झालेले चमचे आठवले, आणि किसणीवर सोललेली बोटं.

“आल्याचा,” ती म्हणाली. “काकवी घालून. काळा, ओलसर, वर काही सजावट नाही की काही नाही. आधी गोड लागतो आणि मग कानामागून येऊन तिखट होतो.”

“तसलाच कर,” बाबा म्हणाले. “मला काय, सगळं सारखंच.” मग जीभ चावून म्हणाले, “तसं नाही गं…”

“कळलं मला,” धाकटी म्हणाली.

दुपारी तिघंही स्वयंपाकघरात बसली. मुलीने सगळे डबे उघडून पाहिले, पिशव्या झटकल्या. घरात संत्रं नव्हतं, साल नव्हती, सुकलेली बीसुद्धा नव्हती. धाकटीने आलं किसलं, लोणी काकवीत वितळवलं, मैद्यात ओतून ढवळलं. मुलगी वाडग्यात नाक घालून म्हणाली, “आलं. नुसतं आलं.” भांडं ओव्हनमध्ये गेलं. झाकणाच्या काचेतून आतला पिवळा दिवा दिसत होता. तिघं खुर्च्या मांडून त्याच्यासमोर बसली. एखाद्या आजाऱ्याच्या खोलीबाहेर बसावं तशी.

आधी काकवीचा वास आला, मग आल्याचा. केक फुगून वर यायला लागला. मुलगी जरा सैलावली, बाळाच्या नावांबद्दल काहीतरी बोलू लागली. आणि बाबांनी एकदम मान वर केली.

“संत्रं,” ते म्हणाले.

मुलीचं बोलणं तुटलं.

“संत्र्याचा वास येतोय.” ते उठून उभे राहिले. नाकपुड्या थरथरत होत्या. “अगं, मला वास येतोय! किती महिन्यांनी…” ते ओव्हनकडे गेले नाहीत. ते खिडकीजवळच्या कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहिले. तिथे कोणी नव्हतं. त्यांचा चेहरा असा उजळला होता की धाकटीला तो ओळखू येईना. असा चेहरा तिच्याकडे वळलेला तिने कधी पाहिला नव्हता.

मग वास तिलाही आला. कडवट, ताजा, आताच कोणीतरी नखाने साल सोलली असावी असा. ओट्यावर, तिच्या कोपरापाशी, कात्री चालल्यासारखा बारीक कचकच आवाज येत होता. मुलीने तिचा दंड घट्ट धरला. तिची नखं रुतली.

धाकटी उठली. तिचा आवाज आला तो दुकानात उशिरा येणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलते तसा, सरळ.

“हे बघ बाई,” ती कोपऱ्याकडे बघून म्हणाली. “घर तुझं, मान्य. नवरा तुझा, लेक तुझी. मी कशावर नाव घातलं नाही. तुझी पोर मी तापात मांडीवर घेऊन बसले, तेव्हाही तुझीच म्हणून बसले. इतकी वर्षं तुझा केक मी माझ्या हातचा म्हणून वाढला, एका शब्दाने बोलले नाही. आज माझा होऊ दे. एवढा एक. तुझ्या लेकीलाही तुझी साल कडू लागते, विचार तिला.”

कचकच थांबली. आणि कोणी दारातून निघून जावं तसा वास विरळ होत होत गेला. राहिलं ते आलं आणि काकवी.

“आई गेली,” मुलगी म्हणाली आणि रडायला लागली. भीतीने की कशाने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

केक निघाला. काळा, ओलसर. धाकटीने मधोमध मोडून पाहिला, बोटाने चाचपला. काहीच नव्हतं त्यात, फक्त तिने घातलं होतं ते. मुलीने डोळे पुसत एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग म्हणाली, “मावशी, इतकी वर्षं हा कुठे लपवून ठेवला होतास?” धाकटीला खूप आनंद व्हायला हवा होता. पण तिची नजर बाबांकडे गेली.

ते अजून त्याच कोपऱ्याकडे तोंड करून उभे होते. पुन्हा पुन्हा श्वास ओढत होते. बंद घरातल्या मीटरसारखं त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं थांबलं होतं.

“गेला,” ते म्हणाले. तक्रार नव्हती आवाजात. “काहीच येत नाही आता.”

त्या रात्री धाकटीचा डोळा लागला नाही. एवढ्या मोठ्या जगात या माणसाला एकच वास उरला होता, आणि तो आपण घालवला. मेलेल्या सवतीशी भांडून जिंकण्यात कसलं आलंय मोठेपण? सकाळी दुकानाचं कुलूप न काढता ती बाजारात गेली आणि संत्री घेऊन आली. आयुष्यात पहिल्यांदा तिने साल स्वतःच्या हाताने काढली, मळमळ दाबत पाकात उकळली. खणातली डावखुरी कात्री काढून बारीक काप करायला गेली, पण कापड चावावं तशी ती साल चावत होती. शेवटी स्वतःच्या कात्रीने जाडेभरडे काप केले. घरभर संत्र्याचा घमघमाट सुटला. मुलगी नाकाला रुमाल लावून बाहेर जाऊन बसली.

धाकटीने वाटी बाबांच्या नाकाखाली धरली.

त्यांनी श्वास घेतला. परत घेतला. मग वाटीतल्या कापांकडे बघितलं, तिच्या पाकाने चिकट झालेल्या बोटांकडे बघितलं, आणि त्यांना सगळं समजलं.

“नाही गं,” ते म्हणाले. “ही बाजारातली संत्री आहेत. यांचा मला नाही येत वास.”

“परत बोलावू तिला? मी म्हणते ये म्हणून. माझी काही तक्रार नाही.”

मग त्यांनी वाटी तिच्या हातातून घेऊन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

“ती पाहुणी थोडीच आहे बोलवायला? दमली असेल तीही.” ते खुर्चीत बसले. “कालचा तुझा केक उरलाय?”

“उरलाय. पण तुम्हाला काय कळणार त्यातलं?”

“आण तर.”

तिने तुकडा आणला. त्यांनी घास घेतला आणि डोळे मिटले. चेहरा कोरा होता, लाकूड चावणाऱ्या माणसासारखा.

“आता सांग,” ते म्हणाले. “काय लागतंय मला?”

धाकटी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसली. तिला आधी लाज वाटली. मग तिने स्वतःही एक तुकडा तोंडात टाकला आणि सांगायला लागली.

“आधी गोड. पण साखरेसारखं नाही, काळं गोड, जरा करपल्यासारखं. मऊ आहे, टाळूला चिकटतंय. अजून गिळू नका. थांबा. आता जिभेच्या कडेला… हां, आता. आता घशात उतरेल तिखट.”

त्यांनी गिळलं, आणि बरोबर तिथे, मिटल्या डोळ्यांनी, हलकेच मान डोलावली.