न शेकलेलं लाकूड

मंगळवार, सकाळचे दहा. रंगाच्या ब्रशांना लाकडी मुठी बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याचं मागचं आवार. सरकारी निरीक्षक गुडघ्यावर बसला. एका जुन्या पॅलेटच्या मधल्या ठोकळ्यात त्याने छिन्नी घातली, हातोडीचे दोन घाव दिले आणि ठोकळा उकलला. आत बोट जाईल एवढा बोगदा निघाला. बोगद्यात भुसा आणि भुशात एक मेलेला भुंगा. काळा, पाठीवर पांढरे ठिपके, मिशा अंगापेक्षा लांब.

ते पॅलेट म्हणजे मी. चारचौघांत पोट फाडून दाखवल्यावर झाकायला काही उरत नाही, म्हणून बोलतोय.

मला तुम्ही ओळखता, फक्त कधी नीट पाहिलेलं नाही. वर फळ्या, खाली फळ्या, मध्ये ठोकळे आणि बाकी सगळे खिळे. मालाची थप्पी माझ्यावर रचतात, फोर्कलिफ्टचे दोन दात माझ्या पोटाखाली शिरतात आणि थप्पी गाडीत चढते. तुमच्या घरातला पंखा, आरसा, औषधाची बाटली, यातलं काही ना काही आमच्यापैकी कोणाच्या तरी पाठीवर बसून आलेलं असतं. माल दिवाणखान्यात जातो. आम्ही मागच्या दाराशी पडून राहतो.

माझा जन्म समुद्रापलीकडचा. तिथे मी पॅलेट होण्याआधी झाड होतो, आणि आजारी झाड होतो. त्या भागात पूर्वी कडाक्याची थंडी पडायची आणि लाकडात शिरलेल्या अळ्या थंडीत मरायच्या. मग थंडी दरवर्षी सौम्य होत गेली. पाऊसही चुकला. तहानलेल्या झाडांत भुंगे शिरले आणि अख्खी रानं उभी वाळली. थंडी कोणी पळवली म्हणून विचाराल, तर बोट फिरून आमच्याच धंद्याकडे येईल. ट्रक, जहाजं, भट्ट्या, धूर.

मेलेलं झाड जिवंत झाडापेक्षा स्वस्त मिळतं. पॅलेटला स्वस्तच लाकूड लागतं. जे एकदा वापरून फेकायचं, त्यावर कोण खर्च करतो?

परदेशी जाणाऱ्या लाकडाला भट्टीत शेकावं लागतं, असा नियम आहे. वरवर ऊब देऊन चालत नाही. लाकडाच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचली पाहिजे आणि तिथे टिकली पाहिजे, म्हणजे आतला किडा मरतो. शेकून झालं की अंगावर डागतात: एक कणीस, देशाची दोन अक्षरं, कारखान्याचा क्रमांक. तो शिक्का पाहिला की जगातलं कुठलंही बंदर आम्हाला वाट देतं.

आमची पाळी आली त्या दुपारी भट्टी आधीच्या मालाने भरलेली होती आणि फाटकात ट्रक उभा होता. ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता.

मुकादम ओरडला, “अरे, याचा भोंगा बंद करा कोणीतरी! मारा शिक्के आणि चढवा.”

शिक्केवाला म्हणाला, “साहेब, ही शेकायची राहिलीत.”

“जहाजावर उन्हात पडली की शेकतील आपोआप. तू काय त्यांना तापात बघितल्याशिवाय सोडणार नाहीस का? डॉक्टर आहेस?”

सगळे हसले. शिक्केवालाही हसला आणि त्याने माझ्या कडेला तापलेला शिक्का टेकवला. मला मिळालेली उष्णता एवढीच, दोन बोटं रुंद आणि केसभर खोल. आत तीन अळ्या निवांत कुरतडत होत्या. मला पोटात सतत काहीतरी हलल्यासारखं वाटायचं. वाटलं, सगळ्यांनाच होत असेल.

शेकणं या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर येते, तेव्हाही आपण शेकली म्हणतो. मुकादमाने माझं शेकणं टाळलं. आता ते कोणावर शेकलं, ते ऐका.

मी उतरलो तो या कारखान्यात. मालकीण चाळिशी ओलांडलेली, सगळे तिला ताई म्हणतात. बापाने मरताना कारखाना तिला दिला आणि मागच्या टेकडीवरची झाडं तिच्या धाकट्या भावाला. झाड उंच, सरळ, लाकूड दुधासारखं. कारखान्यात त्याला नुसतं ‘पांढरं’ म्हणतात. वर्षाला मोजकी झाडं कापायची, तेवढीच नवी लावायची, असा बापाचा शिरस्ता. तिच्या मुठी विकल्या जात होत्या म्हणून टेकडी राखली गेली होती आणि टेकडी होती म्हणून मुठी होत्या. भावाला कामगार ‘झाडवाला’ म्हणतात. त्यालाही ते आवडतं.

मुठीला ब्रशचे केस पकडायला पत्र्याची कडी लागते. पूर्वी त्या कड्या गल्लीतला पत्रेवाला करायचा. समुद्रापलीकडच्या कड्या त्याच्यापेक्षा स्वस्त पडू लागल्या, म्हणून मी आलो.

माल उतरला तेव्हा ताई माझ्यावर थाप मारून म्हणाली, “बघ, खालची फळकुटंसुद्धा कशी दणकट पाठवतात. याचा बसायला बाक होईल.”

“फुकट आलं की तुला सगळंच दणकट वाटतं,” झाडवाला म्हणाला.

“आणि तुला बसायला मिळालं की सगळंच चालतं.”

असा मी बाक झालो. दोन विटांवर टेकवलेला, नळाशेजारी, पाठीमागे टेकडी. कामगार डबे घेऊन माझ्यावर बसायचे. लेथवरच्या काकू चपला काढून पाय पसरायच्या आणि मालकिणीला ऐकू जाईल अशा बेताने मालकिणीची नक्कल करायच्या. इतकी बरी वागणूक मला आधी कधी मिळाली नव्हती. त्याचीच लाज वाटते. पहिल्याच उन्हाळ्यात, भर दुपारी, माझ्या अंगाला भोकं पाडून दोन भुंगे बाहेर आले. नर आणि मादी. थोडा वेळ माझ्यावर ऊन खात बसले आणि टेकडीच्या दिशेने उडाले. तिसरा माझ्या आतच, बोगद्यात अडकला आणि मेला. काकूंनी उडणारे दोघे पाहिले, “मेल्याच्या मिशा बघा!” म्हणाल्या आणि डबा उघडला. त्यांना काय ठाऊक? ठाऊक मला होतं, आणि मला तोंड नव्हतं.

दोन वर्षं काही दिसलं नाही. तिसऱ्या वर्षी वरच्या कडेची झाडं शेंड्याकडून वाळू लागली. पुढच्या वर्षी मधली. झाडवाल्याने बुंध्याभोवती खणलं, खत घातलं, औषधाची टाकी पाठीवर बांधून उतारावर चढउतार केली. झाडांना आवडायचं ते सगळं केलं. किडा साल सोडून आत गेलेला होता, तिथे औषध पोचत नव्हतं.

एका दुपारी तो येऊन माझ्यावर बसला. ताई कमरेवर हात ठेवून समोर उभी.

“वरची ओळ गेली,” तो म्हणाला.

“पानं गळायचे दिवस असतील.”

“ताई, पानगळ मला कळत नाही असं वाटतं तुला?”

“मग काय कळतं तुला? चार दिवस टेकडीवर फिरकत नाहीस आणि मग येतोस बातमी घेऊन. मला माल द्यायचाय. लाकूड कुठून आणू? लेथला लावायला तुझं तोंड आणू?”

“रोज जातो मी.”

“जातोस आणि सावलीत झोपतोस. बाबा होते तोवर एक झाड गेलं नव्हतं. एक!”

त्याने मान खाली घातली. त्याचं बोट माझ्या कडेवरून फिरत होतं आणि फिरता फिरता एका गोल भोकात जाऊन बसलं. भुंगा ज्या भोकातून निघाला, त्याच भोकात. नखाने तो त्यातला भुसा उकरत राहिला आणि बहिणीचं बोलणं ऐकत राहिला. उत्तर त्याच्या नखाखाली होतं. लाकडाला घाम फुटत नाही, म्हणून मी सुटलो.

त्यानंतर त्याने ताईकडे जेवायला येणं बंद केलं. डबा घेऊन टेकडीवरच बसायचा. काकूंनी एकदा हटकलं, “काय झाडवाले, वनवास का?” तो म्हणाला, “माझ्या हाताचा गुण वाईट काकू. तुमच्या डब्याला लागायचा.” काकू हसल्या नाहीत.

मग ताईचा समुद्रापलीकडे पाठवलेला माल अडकला. मुठींच्या एका खोक्यात बंदरावरच्या तपासनिसाला भोक सापडलं, भोकात अळी सापडली. अख्खी खेप अडवली, वर तंबी मिळाली: तुमच्या लाकडात परका किडा आहे, आमच्या जंगलांना धोका आहे, नीट शेकून पाठवा. हे बंदर कोणतं असेल? मी ज्या बंदरातून निघालो, तेच. किडा त्यांचा, लाकूड त्यांचं, शिक्का त्यांचा. तिथल्या वाळलेल्या रानातून तो निघाला, एक टेकडी खाल्ली आणि माहेरी परतला, तर दारातच त्याला परका ठरवलं. किड्याला निदान हसू आलं असेल. मला मात्र तोंड लपवावंसं वाटलं.

माल अडकला तेव्हा कुठे सरकारला टेकडी दिसली. निरीक्षक आला. आधी टेकडी पाहून आला, भोकं मोजून आला, मग आवारात पाणी प्यायला थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

तळहातावरचा भुंगा त्याने सगळ्यांना दाखवला. मग मला उलटं करून शिक्का वाचला आणि म्हणाला, “शिक्का तर बरोबर आहे. कागदोपत्री हे शेकलेलं आहे.”

“मग हा आला कुठून, पोहत?” ताई म्हणाली.

“बाई, काय सापडलं ते मी लिहितो. कसं आलं, ते ठरवणं माझ्याकडे नाही.”

“कोणाकडे आहे?”

त्याने पेन खिशाला लावलं. “टेकडीवरची सगळी पांढरी झाडं पाडून जाळावी लागतील. रस्त्याकडेचीसुद्धा.”

“वाळलेली ना?”

“सगळी. हिरवी दिसतात त्यांच्यातही असेल.”

झाडवाला तेव्हा पहिल्यांदा बोलला. “मागच्या वर्षी लावलेली रोपं आहेत. माझ्या गुडघ्याएवढी. तीही?”

निरीक्षकाने मान हलवली. माणूस वाईट नव्हता. पाणी अर्धंच पिऊन त्याने पेला खाली ठेवला.

तो गेल्यावर दोघं बहीणभाऊ माझ्यासमोर उभे राहिले. माझ्यावर बसायचं दोघांनीही टाळलं. ताईने वाकून ते भोक पाहिलं, मग भावाच्या बोटांकडे पाहिलं.

“मी तुला बाबांवरून बोलले,” ती म्हणाली.

“बोललीस.”

“एकदा नाही. दोन वर्षं बोलले.”

“पत्रेवाल्याच्या कड्या सायकलवरून यायच्या ताई,” तो म्हणाला. “सायकलच्या कॅरिअरवर भुंगे येत नव्हते.”

एवढंच बोलला. ताईला ते लागलं, लागायलाच हवं होतं. पण मला राहून राहून वाटतं, तिने तरी काय वेगळं केलं? स्वस्त कडी घेतली. तुम्हीही घेतली असती. मुकादमाने गाडी वेळेवर सोडली, निरीक्षकाने नियम पाळला, बंदराने आपलं रान सांभाळलं. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि टेकडी गेली. असल्या वेळी ज्याची लाज कोणीच घेत नाही, ती घ्यायला एखादं फळकुट उपयोगी पडतं.

थोड्या वेळाने ताई म्हणाली, “करवतीची माणसं बाहेरून बोलावू का?”

“नको. मी पाडतो.”

“एकट्याने?”

“तू धर दुसऱ्या बाजूने. लहानपणी धरायचीस तशी.”

“तेव्हा तू ओढायचास आणि मी रडायचे.”

“आताही रड. पण धर.”

आज आठवा दिवस आहे. टेकडीवरून सकाळपासून करवतीचा आवाज येतो आणि मध्येच थांबतो. थांबला की ताईच्या खोकल्याचा आवाज येतो. वरचा अर्धा उतार उघडा पडलाय. रोपं त्याने शेवटी ठेवलीत. लेथ बंद आहेत, काकू दुसरीकडे कामाला लागल्या. मला पुरावा म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून भिंतीशी ठेवलंय. शेवटचं झाड पडलं की त्याच ढिगावर मला चढवणार आहेत. माझी ना नाही. त्या झाडांच्या शेजारी जागा मिळावी, एवढी माझी लायकी नाही, पण मला कोणी विचारणारही नाही.

जाता जाता एक मागणं आहे. तुमच्या दारात पुढची थप्पी उतरेल तेव्हा कमरेत वाका आणि खालचं लाकूड बघा. शिक्का वाचून समाधान मानू नका. गोल भोक दिसलं, खाली पिठासारखा भुसा दिसला, तर ओरडा. आम्हाला ओरडता येत नाही.

निरीक्षकाच्या अहवालात लिहिलंय: पॅलेट एक, भुंगा एक. त्या दुपारी मुकादमाने न शेकता चढवलेली आम्ही चारशे होतो. जहाज चार बंदरांत थांबलं आणि प्रत्येक ठिकाणी आमच्यातली काही उतरली. बाकीची कुठे आहेत, हे अजून कोणी विचारलेलं नाही.