खिळा

"काका, केळी कुठे आहेत?"

पायवाटेवर दोन्ही हात पसरून उभ्या असलेल्या हेमकांतला हा बारावा माणूस स्वयंसेवक समजला.

"केळी पुढे. तुम्ही त्या सागाच्या वरच्या बाजूने जा. आठे तार पडेल शे. जित्ती शे, करंट शे!"

अक्कलकुव्याच्या डोंगरातली एकवीस किलोमीटरची पावसाळी दौड. हेमकांतच्या छातीवरही नंबर होता, पण तो पसरलेल्या हातांएवढा ठळक नव्हता. चौतीस वर्षं वायरमनकी करून तो निवृत्त झाला, तेव्हा डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं. चालणं म्हणजे पुन्हा नोकरी, म्हणून तो पळू लागला. नोकरीत त्याला दोन रेनकोट मिळाले, त्यातला एक दुसऱ्याच्या मापाचा. इथे मात्र चार तासांत पोहोचणाऱ्याला मेडल होतं. बायकोने, रूपाने, सकाळीच घरी कॅलेंडरशेजारी मेडलसाठी खिळा ठोकून बजावलं होतं, "रिकामा हाते येऊ नका."

बाराव्या किलोमीटरला फांदी पडून तुटलेली तार गवतात पडलेली त्याला दिसली होती. फोनला रेंज नव्हती. पुढे पळणाऱ्या भाविका नावाच्या मुलीला त्याने हाक मारली, "पोरी, खाले रेंज लागनी का सबस्टेशनले सांगजो, लाइन बंद करा!"

निरोप गेला. आता निघालं तर मेडल हातात होतं. मागून दीडशे माणसं येत होती.

हेमकांत थांबला. दोघांनी त्याच्यासोबत सेल्फी काढले. एकाने त्याच्या हातात रिकामी बाटली दिली.

शेवटचा माणूस गेल्यावर दलसिंग मोटरसायकलवर आला. एके काळी तो हेमकांतच्या हाताखाली शिकलेला.

"लाइन बंद शे, दादा. निंघा."

"पहिले अर्थिंग कर. कोनी लाइन चालू करी दिन्ही तं?"

"दादा, तुम्ही रिटायर व्हयनात ना?"

"मी व्हयनू. तार नही व्हयनी."

अर्थिंग झालं. दलसिंग म्हणाला, "बसा मांगे, सोडी देस."

"छातीवर नंबर लायेल शे," म्हणत हेमकांत पळत सुटला.

तो पोहोचला तेव्हा कमान उतरवून टेम्पोत चढली होती. रूपा छत्री धरून खुर्चीवर बसलेली. मंडपवाल्याने खुर्ची तीनदा मागितली होती.

"कितला उशीर! येणारा-जाणारा बठ्ठासले इचारी ऱ्हायनी मी."

"रस्तामा तार पडेल व्हती."

चौतीस वर्षं तिने हेच उत्तर ऐकलं होतं. थर्मासमधला चहा ओतला आणि पदराने त्याचं डोकं पुसलं.

घरी त्याचा शर्ट वाळत घालण्याआधी तिने नंबराचा कागद अलगद सोडवला. शाई पावसात धुऊन गेली होती. तिने तो खिळ्याला लावला आणि दोन पावलं मागे सरकून, सरळ बसलाय का, ते पाहिलं.