बीव्हरला हात लावायचा नाही

सेंत-ओदील गावात पोरगं चालायला लागलं की त्याला दोन गोष्टी बजावतात. तापलेल्या शेगडीला हात लावायचा नाही, आणि बीव्हरला हात लावायचा नाही.

बीव्हर म्हणजे खरा नाही हो! खरे नदीवर झाडं कुरतडत हवे तेवढे आहेत, लावा हात, चावले तर तुमचं तुम्ही बघा. हा चांदीचा. बर्फावरच्या हॉकीच्या उत्तर लीगमध्ये मोसमातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूला जो करंडक देतात ना, त्याच्या झाकणावर बसलेला, पुढचे दोन दात काढून. कुठल्याशा लाकूड गिरणीवाल्याने हौसेने करून घेतला होता. पहिली काही वर्षं सगळं मजेत चाललं. ज्याला मिळायचा तो करंडक डोक्यावर धरायचा, फोटो काढायचा, घरी जाऊन वाटाण्याचं सूप ओरपायचा. आणि मग आला ऑरेल गॅन्यों.

ऑरेल म्हणजे गावच्या संघात खेळणाऱ्या आपल्या तिबोचा आजोबा. साठेक वर्षांपूर्वी असला खेळायचा म्हणे, की समोरचे बचाव सोडून बघतच बसायचे! करंडक देतात अंतिम सामन्याच्या आधी, भर बर्फावर. तर या पठ्ठ्याने काय करावं? आनंदाच्या भरात बीव्हरच्या नाकाचा मुका घेतला. अख्ख्या गावासमोर. आणि त्याच संध्याकाळी गाव अंतिम सामना हरलं. पुढच्या वर्षी शेजारच्या व्हाल-क्लेर गावच्या एकाने उघड्या हाताने करंडक उचलला, तर तेही हरले. झालं! तिसऱ्या वर्षीचा गडी बायकोचे ओव्हनचे हातमोजे घालूनच आला, आणि त्याचा संघ जिंकला. मग काय विचारता?

तेव्हापासून त्या करंडकाला कुणा खेळाडूचा उघडा हात लागला नाही. एकाने तो स्टिकने ढकलत नेला. एकाने कुत्र्याच्या घसरगाडीवर घातला. एकाने चर्चच्या पाद्रीबुवांच्या हातात दिला, का तर म्हणे पाद्रीबुवा कुठल्याच संघाचे नाहीत. आणि एक फिनलंडचा बिचारा नवाच आला होता, त्याला काही माहीतच नाही, तो हसत हसत हात पुढे करतोय तोच त्याच्याच गोलकीपरने त्याला आडवा पाडला. त्या प्रसंगाचा फोटो आहे रिंकमध्ये, म्हणजे आमच्या बर्फाच्या मैदानात, त्यात फिनलंडवाला बर्फावर पालथा आणि बीव्हर त्याच्याकडे बघतोय.

सगळे हसतात. ऑरेल मात्र त्या दिवसापासून रिंकमध्ये गेला नाही. पुढच्या मोसमात दारातच कोणी तरी ओरडलं होतं, "अरे, ऑरेलला आत सोडू नका, बर्फ वितळेल!" थट्टाच होती. पण हा गडी मागे वळला तो वळलाच. मग प्रत्येक सामन्याला आपला जुना ट्रक रिंकच्या बाहेर लावायचा, हीटर चालू, रेडिओ चालू, आत एकटा. गोल झाला की हॉर्न. गाव अंतिम सामना हरलं की दुसऱ्या सकाळी जिनेत नावाच्या बाईच्या हॉटेलात त्याला कॉफी मिळायची ती कान तुटलेल्या कपात. जिनेतच्या आईने काढलेली चाल ती, जिनेतने पुढे चालवली. म्हातारा रुमालात कप धरायचा, बोटं भाजून घ्यायचा आणि हसायचा. हसायचा म्हणजे, दात दिसायचे.

आणि यंदा बीव्हर मिळाला कुणाला? तिबोला! नातवालाच!

बातमी कळल्या कळल्या तिबो ट्रकपाशी गेला. म्हातारा आत थर्मासमधून कॉफी ओतत होता.

"आजोबा, या वेळी आत यायचं."

"इथे काय वाईट आहे? गुडघ्यावर गरम हवा येते."

"उन्हाळ्यात तुमचं लायसन काढून घेणार आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलंय आईला. पुढच्या वर्षी ट्रक नाही, हॉर्न नाही, काही नाही. मग?"

म्हाताऱ्याने थर्मासचं झाकण घट्ट फिरवलं. मग म्हणाला, "दुसऱ्या कोणी त्या जनावराला उघड्या हाताने उचललं ना, तर येईन. तोवर नाही."

"नक्की?"

"अरे गाढवा, गंमत केली! तू काही करू नकोस. ऐकतोस का? तिबो!"

पण तिबो निघाला होता.

ड्रेसिंग रूममध्ये कप्तान बुशार त्याच्याकडे एकटक बघत होता. बुशार म्हणजे दारात मावणार नाही असा माणूस, आणि त्याहून मोठी त्याची दाढी. अंतिम सामन्यापर्यंत दाढी करायची नाही, हाही एक नियमच.

"ए तिबो. हातमोजे आणलेस?"

"आणलेत. मावशीचे आहेत. त्यांच्यावर कोंबड्यांची चित्रं आहेत."

"कोंबड्या असोत नाही तर डुकरं असोत, घाल म्हणजे झालं. हात लावलास तर तुझी बोटं मी मोडीन, मग स्टिक दाताने धर."

"आणि हात लावून जिंकलो तर?"

"जिंकलो तर तुला खांद्यावर घेईन. पण हात लावून कोणी जिंकत नाही रे! म्हणून तर लावायचा नाही!"

संध्याकाळी रिंक गच्च. लीगचे अध्यक्ष लांदरीसाहेब लाल गालिच्यावरून करंडक घेऊन आले. तिबो कोंबड्यांचे हातमोजे घालून सरकत पुढे गेला. टाळ्या, शिट्ट्या. हातमोजा चांदीला टेकणार, एवढ्यात तिबो थांबला. त्याने एक हातमोजा काढला. मग दुसरा. दोन्ही बर्फावर टाकले.

अहो! तळलेल्या बटाट्यांची पुतीन खाणाऱ्याचा घास तोंडातच. बुशार नुसता "नाही, नाही, नाही" करत होता. आणि तिबोने दोन्ही उघड्या हातांनी करंडक उचलला, आणि बीव्हरच्या नाकाचा असा मुका घेतला, असा, की आवाज माइकवर आला.

मग बाहेरून हॉर्न वाजला. गोलला वाजायचा तसा छोटा नाही, लांबच्या लांब, थांबेचना. मग थांबला. आणि मागचं दार उघडलं. म्हातारा आत आला. कानावर टोपी, हातात थर्मास, डोळे दिव्यांना सरावेनात. जिनेतने सरकून बाकावर जागा केली, एवढंच.

सामना? काय सांगू! तिबोने पहिला गोल मारला, तेव्हा म्हातारा सवयीने समोरच्या माणसाच्या पाठीवर हाताने हॉर्न दाबत होता. मग दोन्हीकडे दोन-दोन गोल. मग जादा वेळ. समोरच्या व्हाल-क्लेरवाल्याने लांबून एक उगाचचा फटका मारला, पक, म्हणजे ती रबरी चकती, बुशारच्या बुटाला लागला आणि आपल्याच गोलात.

हरलो.

हळूहळू सगळी डोकी तिबोकडे वळली. तिबो बर्फावर गुडघे टेकून, मान खाली. कुणीतरी म्हणालंच, "आजोबा तसा नातू."

आणि बाकावरून म्हातारा उठला. गर्जला! "अरे, बीव्हरकडे काय बघता? बीव्हर खेळत होता का? बुशार, गोलकीपरसमोर कपाटासारखा उभा राहिलास, त्याला पक दिसणार कुठून? आणि दुसऱ्या सत्रात त्यांचा एक शिक्षेवर बाहेर, म्हणजे एक माणूस जास्त होता आपला, तरी पाच जण एकाच कोपऱ्यात! लग्न होतं का तिथे? आणि त्या वर्षी, माझ्या वर्षी, आपला गोलकीपर तापाने फणफणला होता, उभं राहता येत नव्हतं त्याला! मला कुणी विचारलं कधी?"

मग वरच्या रांगेतून आवाज, "कपाटाचं बरोबर आहे हां." मग दुसरा, "पण गोलकीपरने ओरडायचं ना!" आणि मग जो काही गोंगाट सुरू झाला! अर्धं गाव बुशारच्या बाजूने, अर्धं विरुद्ध, आणि मधोमध म्हातारा, थर्मासच्या झाकणाने बचाव कसा लावायचा ते दाखवतोय. तिबो बर्फावरून ते बघत बसला. तोंडावर हरल्याचं दुःख, आणि तरी त्याला हसू आवरेना.

दुसऱ्या सकाळी दोघं जिनेतच्या हॉटेलात गेले. म्हाताऱ्याने सवयीने रुमाल काढून ठेवला. जिनेतने त्याच्यापुढे तो जुना कानतुटका कप ठेवला. मग तिबोपुढे दुसरा ठेवला. नवा कोरा, निळ्या फुलांचा, आणि कान ताजा मोडलेला, मोडलेली कड अजून पांढरी.

"जिनेतमावशी, हे काय?"

"सेट होता रे लग्नातला," ती म्हणाली. "पण रीत म्हणजे रीत."

म्हाताऱ्याने आपला रुमाल फाडून अर्धा तिबोला दिला. दोघांनी कप धरले, दोघांची बोटं भाजली. या वेळी म्हातारा हसला ते खरं हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

तेवढ्यात दार उघडलं. बुशार. दाढी सफाचट, त्यामुळे एकदम शाळकरी पोरासारखा दिसणारा. तो मान खाली घालून दारातच उभा.

म्हाताऱ्याने पायाने तिसरी खुर्ची पुढे सरकवली आणि काउंटरकडे वळून ओरडला, "जिनेत, अजून एक कान मोड!"